माझ्या ड्वार्फांशी कुणीच का खेळत नाही?

लोखंडी_दाढी

मंडळी, ऑनलाइन ब्लड बोलमध्ये (फाशांवर चालणारा, एल्फ-ऑर्कांचा मारामारीचा फुटबॉल) २०२०च्या नियमांनी सध्या माझी ड्वार्फांची टीम चालू आहे आणि मला सामनाच मिळत नाही. खेळायला माणसं नाहीत असं मुळीच नाही. यादीत रोज संध्याकाळी भरपूर टीम उभ्या असतात. मी एकाला ऑफर टाकतो, नकार. दुसऱ्याला टाकतो, नकार. तिसरा तर ऑफर बघून यादीतूनच गायब होतो आणि मी दुसरी टीम लावली की परत उगवतो! कारण कुणी देत नाही. एकाने फक्त हसरा चेहरा पाठवला, त्याचा अर्थ काय घ्यायचा?

टीम अशी आहे: ५ ब्लॉकर, २ ब्लिट्झर, २ रनर, २ ट्रोल स्लेयर आणि एक डेथरोलर (रणगाडा). ३ रीरोल (फासा परत टाकायची सोय), एक अपोथेकरी (वैद्य). चौघांकडे गार्ड (शेजारच्याला मारामारीत आधार देणारं कौशल्य), तिघांकडे मायटी ब्लो (फटका जोरात बसवणारं). टीम व्हॅल्यू, म्हणजे टीमची एकूण किंमत, १४६० हजार. यात राक्षसी काय आहे? काल एका वुड एल्फवाल्याने नकार दिला, त्याची टीम १६००ची होती. म्हणजे मीच १४०ने खाली, फरकाची इंड्यूसमेंट (कमी किमतीच्या टीमला सामन्यापुरती मदत घ्यायला मिळणारे पैसे) मलाच मिळणार होती हे खरं, पण त्यात मी पंचाला द्यायची एक लाच घेतली असती, संपला विषय. आगीचा गोळा टाकणारा जादूगार काही १४०मध्ये येत नाही.

मला सरळ सांगा, लोक घाबरतात का? रेकॉर्ड जपतात का? का माझंच काही चुकतंय? मी गप्पांमध्ये शिवीगाळ करत नाही, नेट तुटत नाही, हरताना मधेच सोडून जात नाही. मग घोडं अडतंय कुठे?


सोळावा_टर्न

माझ्यापुरतं उत्तर एका ओळीचं आहे: वेळ. प्रत्येकाला १६ टर्न, टर्नला ४ मिनिटं धरली तर दोघांची मिळून दोन तासांच्या वर जातात. ड्वार्फ समोर असले की हाफ लवकर संपतच नाही. तुम्ही चेंडू घेणार, चार कोपऱ्यांवर चौघे उभे करून पिंजरा बांधणार आणि टर्नला ३-४ चौकोन सरकत आठव्या टर्नला गोल करणार. मी माझ्या टर्नमध्ये आडवा पडलेला माणूस उभा करणार आणि टर्न सोडणार. एल्फ विरुद्ध एल्फ असेल तर तासाभरात ४-३ होऊन मी जेवायला मोकळा.

नकार तुम्हाला नसतो, घड्याळाला असतो. ऑफरसोबत 'मी झटपट खेळतो' एवढं लिहून बघा.


फांदीवरची

दाढीवाले, तो १६००वाला एल्फ कोच मी नव्हे, पण असू शकले असते. मी गेली बरीच वर्षं वुड एल्फच खेळते आणि तुमच्यासारख्या टीमला दहातल्या नऊ वेळा नकार देते. म्हणून आतल्या गोटातली बातमी देते. घाबरण्याशी याचा फारसा संबंध नाही. गंमत म्हणजे ड्वार्फांशी मी बऱ्याचदा जिंकते. चालीला तुम्ही ४, माझे ७ आणि ८. तुमच्या पिंजऱ्याला वळसा घालून मागून शिरायला मला कुणी अडवू शकत नाही. शेवटच्या दोन टर्नमध्ये चेंडू हातात आला तर गोल माझाच. तरीही नकार. कारण सामना जिंकून मी काय घरी नेते, आणि काय मैदानावर सोडून येते, हा हिशोब वेगळा आहे.

थोडे आकडे बघा, म्हणजे भावना दुखावणार नाहीत. हे सगळे २०२०च्या नियमांप्रमाणे.

माझा कुठलाही एल्फ समोरच्याच्या शेजारून २+ वर (फाशावर २ किंवा जास्त) निसटतो, म्हणजे ८३ टक्के. डॉज कौशल्य असेल तर चुकलेला फासा परत टाकता येतो, ते ९७ टक्क्यांवर जातं. वुड एल्फ टीम या ९७ टक्क्यांवर उभी आहे. तुमचा प्रत्येक ब्लॉकर जन्माला येतानाच टॅकल घेऊन येतो. टॅकलच्या शेजारून निसटताना डॉजचा रीरोल नाही, मी परत ८३वर. एका टर्नमध्ये तीन-चार वेळा निसटायचं असतं, त्यामुळे ९७ आणि ८३मधला फरक कागदावर दिसतो त्याहून फार मोठा आहे. ९७चे चार डॉज सलग जमण्याची शक्यता ८९ टक्के. ८३चे चार सलग जमणं निम्म्याच्याही खाली, ४८ टक्के.

आता पाडापाडी. दोन फाशांचा ब्लॉक (शेजारच्याला मारलेला फटका) धरा, तुमच्याकडे ब्लॉक आणि टॅकल ही कौशल्यं, माझ्या माणसाकडे नुसतं डॉज. टॅकल नसतं तर पडण्याची शक्यता ५६ टक्के. टॅकल आहे म्हणून ७५. पडल्यावर चिलखत: माझं ८+, म्हणजे दोन फाशांवर १५/३६, साधारण ४२ टक्के वेळा फुटतं. तुमचं १०+, जेमतेम १७ टक्के. इथपासून जखमेच्या फाशापर्यंत गुणाकार करत गेलात की साध्या फटक्याला माझा पडलेला माणूस ७ टक्के वेळा कॅज्युअल्टीत (जखमी होऊन सामन्याबाहेर) जातो. फटका मायटी ब्लोवाल्याचा असेल तर १४ टक्के. दुप्पट! आणि तुमच्या टीममध्ये असे तीन आहेत. तुमचा ब्लॉकर माझ्या साध्या फटक्याने पडला तर हाच आकडा तीनच्याही आत. म्हणजे एका सामन्यात मी तुम्हाला पंचवीस वेळा पाडलं (पाडत नाही, पण धरा) तर एखादाही जाईल की नाही शंका. तुम्ही मला पंचवीस वेळा पाडलंत तर दोन-तीन नक्की.

बरं, कॅज्युअल्टी म्हणजे मरणच असं नाही. सोळा बाजूंच्या फाशावर १५-१६ला मरण, म्हणजे आठात एक. लोक मरणाचं बोलतात, मला मात्र मधल्या आकड्यांची जास्त धास्ती आहे. ७ ते १४मध्ये काहीही आलं तरी पुढचा सामना हुकतो. १० ते १२ला वर दुखणं चिकटतं, १३-१४ला एखादी क्षमताच कमी होते. चाल एकने घटलेली एल्फ कॅचर कुणाला हवी? मेलेल्या खेळाडूची जागा रिकामी होते, अधू खेळाडू यादीत व्हॅल्यू खात बसतो आणि त्याला काढून टाकायचं कामही आपल्याच हातून करावं लागतं.

माझ्याकडे एक वॉरडान्सर होती, ९ नंबरची. ब्लॉक, डॉज, लीप हे उपजत, वर स्ट्रिप बॉल आणि साइड स्टेप. पिंजऱ्यावरून उडी मारून आत उतरायची आणि चेंडू उडवायची, तेवढ्यासाठीच ठेवलेली. एका ड्वार्फ टीमशी सामना, मी २-१ने पुढे, सोळावा टर्न, चेंडू माझ्या टोकाला. समोरच्याला करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. त्याने आडव्या पडलेल्या ९ नंबरला फाउल केला, चार जणांचा जोर लावून. नियमात बसतं, तक्रार नाही, मी त्याच्या जागी असते तर कदाचित हेच केलं असतं. चिलखत फुटलं, फासा १६. अपोथेकरी तिसऱ्या टर्नला एका लाइनमनवर खर्च झाला होता. सामना मी जिंकले, दोन गोलांचे सहा अनुभव गुण आणि एमव्हीपीचे (सामन्याच्या मानकऱ्याचे) चार आले, ते चारही एका जर्नीमनला, म्हणजे सामन्यापुरत्या उसन्या खेळाडूला. तो कायमचा भरती करून घेतला तरच त्या गुणांचा उपयोग. पुढच्या सामन्यात मी आठ स्वतःचे आणि तीन उसने घेऊन उतरले. तुम्ही माझ्या विजयांची टक्केवारी बघाल तर तिथे तो सामना हिरव्या रंगात दिसतो.

आता मुद्द्याचं. हा खेळ १९८६चा आणि टेबलावरचा. टीम वाढणं, जखमा हे सगळे नियम लीगसाठी रचलेले आहेत. आठ मित्र, ठरलेलं वेळापत्रक, या आठवड्यात ड्वार्फ, पुढच्या आठवड्यात गॉब्लिन. मी ड्वार्फांकडून मार खाते तसा बाकीचे सातही खातात. मार सगळ्यांत वाटला जातो आणि हंगाम संपतो. ऑनलाइन खुल्या यादीत ना वेळापत्रक आहे, ना शेवट. तिथे ड्वार्फ, केऑस, ऑर्क यांची रांगच लागलेली असते, कारण मारामारीच्या टीम जगतात आणि नाजूक टीम मरतात. जो जगतो तो यादीत जास्त वेळ दिसतो. मी आलेली प्रत्येक ऑफर घेतली तर महिन्याभरात माझी टीम १००० व्हॅल्यूच्या नवख्या टीमपेक्षा वाईट होईल. टेबलावर नाजूक टीमचं रक्षण वेळापत्रक करतं, इथे ते नकाराचं बटण करतं. ते काढून घ्या, मग यादीत ड्वार्फ आणि केऑसच एकमेकांना ठोकत बसलेले दिसतील.

तुमच्या टीममध्ये खटकतं काय, तेही सांगते. मायटी ब्लो तिघांकडे, ठीक. गार्ड चार, तेही चालेल, ड्वार्फ म्हटलं की गार्ड आलंच. पण डेथरोलर! तो रणगाडा मी पानावर बघितला की पान बंद करते. ड्राइव्ह (गोल होईपर्यंत किंवा हाफ संपेपर्यंतचा डाव) संपताच पंच त्याला बाहेर काढतो, पण तुम्ही एका ड्राइव्हमध्ये आठ टर्न काढता. म्हणजे अर्धा सामना तो मैदानावर, आणि वर तुम्ही स्वतःच लिहिलंय की इंड्यूसमेंटमध्ये लाच घेणार. म्हणजे उरलेला अर्धाही! आडव्या पडलेल्याला तुडवायलाच तो बनवलाय, त्याच्याकडे डर्टी प्लेयर (फाउलचं कौशल्य) फुकट येतो. एल्फ कोच काय, ऑर्कवालाही दोनदा विचार करेल.


पेटीतला_ओगर

फांदीवरची यांचं गणित बरोबर, निष्कर्ष मात्र मला अजिबात मान्य नाही.

फंबल या ऑनलाइन ब्लड बोलच्या साइटवर पूर्वी दोन वेगळे विभाग होते. रँक्डमध्ये जोडी आपण ठरवायची. ब्लॅकबॉक्समध्ये, म्हणजे पेटीत, टीम पुढे करायची आणि संगणक सांगेल त्याच्याशी खेळायचं, नाही म्हणायची सोयच नाही. मी कायम दुसऱ्या जातीचा. तिथेही एल्फ खेळायचेच की लोक. मरायचे, परत टीम बांधायचे. निवडानिवडीच्या विभागात मात्र चमत्कारिक प्राणी दिसायचे: शंभर सामने, ऐंशीच्या वर विजय आणि समोरच्या टीमची यादी काढली तर सगळे नवखे, अधू, जर्नीमनवाले. कोच म्हणून शून्य. तो नकार समतोल राखण्यासाठी होता का? तो शिकारीसाठी होता. रेटिंगवाल्यांचं तर विचारूच नका. दुबळ्याला हरवून चार दाणे मिळतात, दुबळ्याकडून हरलं की पोतं जातं, म्हणून वर चढलेला माणूस खेळायचंच बंद करतो.

ते केऑसचे जुने दिवस आठवतात का कुणाला? क्लॉ, मायटी ब्लो आणि पाइलिंग ऑन एकाच माणसावर. क्लॉ असलं की चिलखत कितीही जाड असो, ८ला फुटणार. पाइलिंग ऑन म्हणजे अंगावर उडी टाकून तोच फासा परत, तोही फुकट. तेव्हा तुमच्या ड्वार्फांचं १०चं चिलखतही एल्फांइतकंच पातळ होतं. तेव्हा हेच दाढीवाले केऑसला नकार देत फिरायचे! मग २०१६च्या आवृत्तीत पाइलिंग ऑनला टीम रीरोल लागायला लागला आणि २०२०मध्ये ते गेलंच. मारेकरी मवाळ झाले तो नियम बदलल्यामुळे, नकारांमुळे नव्हे. नकाराने फक्त एवढंच व्हायचं की मारेकरी टीम सामना मिळेना म्हणून नवख्या, नकार द्यायला न शिकलेल्या पोरांवर सोडल्या जायच्या. त्यातले निम्मे पुन्हा दिसलेच नाहीत.

व्हिडिओगेममध्येही बघा, ब्लड बोल ३च्या लॅडरवर जोडी यंत्र लावतं. कुणी रडत नाही. रडतात, पण खेळतात.


फांदीवरची

ओगरभाऊ, शिकारी कोचांबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि मलाही त्यांची चीड येते. पण मी दिलेला नकार आणि शिकाऱ्याचा नकार एकाच टोपलीत टाकू नका. मी चांगल्या एल्फ टीमशी खेळते, स्केव्हनशी खेळते, ह्यूमन, नॉर्स, नेक्रोमँटिक, सगळ्यांशी. तिथे मी निम्मे हरते. शिकारी हरायला बसतच नाही. कोचच्या पानावर गेल्या वीस सामन्यांतले विरोधी नजरेखालून घातले की कोण कुठल्या जातीचं ते कळतं, त्याला टक्केवारी लागत नाही.

नवख्या पोरांचा मुद्दा मात्र बिनतोड. त्यांना नकार द्यायचं कुणी शिकवत नाही. उलट नकार दिला की 'भित्रा' म्हणून हिणवतात, वर धागाकर्त्यांनी विचारलंय तसंच. मग ते पोरगं पहिल्याच आठवड्यात मायटी ब्लोंच्या रांगेसमोर आपली ११ माणसं उभी करतं.

आणि पेटीत एल्फ खेळायचे, पण कसे ते सांगितलं नाहीत. कमी व्हॅल्यूत, दोन वॉरडान्सर आणि बाकी भरताड, मेले की टीम फेकून नवी. माझ्या ९ नंबरला नाव होतं, तिच्या उड्यांचे किस्से होते. तिच्या टीमला दोन वर्षं झाली होती. ज्यांना टीमची वंशावळ सांभाळायची आहे त्यांना दर पंधरा दिवसांनी नवी टीम काढा म्हणणं म्हणजे वेगळाच खेळ खेळा म्हणणं.


लोखंडी_दाढी

एवढी माहिती एका वेळेला मिळेल असं वाटलं नव्हतं. आभार. डेथरोलर इतका डोळ्यांत खुपतो हे खरंच लक्षात आलं नव्हतं. मला तो चाकं फिरवत जाताना बघायला आवडतो म्हणून घेतला. सामन्यात त्याने आजवर फार मोठं काही केलेलंही नाही. लोनर ५+ (फासा ५ किंवा ६ आला तरच रीरोल चालतो) असल्यामुळे रीरोल वापरायला गेलो की बहुतेक वेळा रीरोल वाया जातो आणि फासाही.

पण एक शंका आहे. ड्वार्फांना टॅकल उपजत आहे, ते मी काढू शकत नाही. चिलखत १० आहे, तेही नाही. मग रोलर विकला तरी एल्फ आणि ॲमेझॉन नकार देणारच ना? ॲमेझॉनवाल्यांची तर गंमतच आहे. त्यांची प्रत्येक बाई डॉज घेऊन येते, आणि माझा प्रत्येक ब्लॉकर टॅकल. काल एकीने लिहिलं, 'सॉरी, अजिबात नाही'. निदान उत्तर तरी दिलं.

मग मी खेळायचं कुणाशी? बाकी ड्वार्फांशी? ते ३२ टर्न मी बघितलेत. ०-० किंवा १-०, आणि शेवटी दोघांनाही झोप.


तीस_हजारांचा_लाइनमन

माझ्याशी खेळा.

मी हाफलिंग कोच. माझा एक माणूस ३० हजारांचा, तुमचा एक ब्लॉकर ७० हजारांचा. माझी पोरं मेली तर मी नवी घेतो, मला दुःख होत नाही, फक्त सांडलेलं सूप वाया गेल्याचं वाईट वाटतं. म्हणून मी जवळजवळ कुणालाच नकार देत नाही. आणि तरी मला ऑफर नाकारली जाते! तुमच्यापेक्षा जास्त वेळा. बोला आता.

कारण ऐका, हे वर कुणी सांगितलंच नाही. माझी टीम ९००-९५०च्या आसपास असते. तुमच्या १४६०शी खेळलो तर मला इंड्यूसमेंटला ५ लाखांच्या वर मिळतात. त्यात एक खानसामा घेतो, हाफलिंगांना तो १ लाखात पडतो. तो दर हाफच्या सुरुवातीला फासे टाकून समोरच्याचे रीरोल पळवतो. वर जादूगार, वर एखादा झाडासारखा स्टार. मग सामना सरळ चालत नाही. समोरच्याचे तिन्ही रीरोल माझ्या स्वयंपाकघरात, त्याची पोरं अडखळून पडताहेत, आणि माझं झाड एका हाफलिंगला उचलून गोलच्या दिशेने फेकतंय. बहुतेकदा तो डोक्यावर पडतो. एखाद्या वेळी पायावर पडतो आणि धावत सुटतो.

आता समोरच्या कोचच्या जागी बसा. जिंकला तर 'हाफलिंगांना हरवलं, त्यात काय'. रेटिंगला एक दाणा. हरला तर आठवडाभर चेष्टा. जखमा करून गुण मिळवावेत तर माझ्या पोरांवर ते मिळतात खरे, पण मी दर टर्नला फाउल करतो, आणि त्याचा १५०ने महाग झालेला किलर जमिनीवर पडला की माझे सहा जण त्याच्यावर चढतात. मिळवायचं थोडं आणि घालवायचं सगळं. म्हणून नकार.

तर दाढीवाले, तुम्हाला नकार मिळतो कारण तुम्ही फार मारता, आणि मला मिळतो कारण मला मारून काही मिळत नाही. दोघांनी मिळून एक सामना करायला हरकत नाही. अट एकच: रोलर घेऊन या. विकू नका. माझ्या पोरांना तुडवायला काहीतरी भव्य हवं.


सोळावा_टर्न

वर 'नेट तुटत नाही, सोडून जात नाही' असं लिहिलंय त्याला जरा जास्त वजन द्या लोकहो. माझ्या नकारांतले बरेचसे टीमला नसून माणसाला असतात. एखादा तिसऱ्या टर्नला दोन माणसं गेली की गप्प होतो, मग प्रत्येक टर्नला पूर्ण चार मिनिटं वापरतो, मुद्दाम. एकदा अनुभव आला की नाव लक्षात राहतं. त्या माणसाने उद्या स्नॉटलिंग आणले तरी मी नाहीच म्हणणार.

आणि स्पर्धा जवळ आली की कुणाचंच खरं नसतं. बाद फेरीच्या आधीच्या आठवड्यात माझी मुख्य टीम मी यादीत उभीच करत नाही. कुणी विचारलं तर 'आज मूड नाही' सांगतो. त्यांना काय, भित्रा वाटत असेन.


फांदीवरची

दाढीवाले, तुमच्या शंकेचं उत्तर. टॅकल उपजत आहे हे सगळ्यांना माहीत असतं, त्याला कुणी तुम्हाला दोष देत नाही. मी ऑफर आली की तीनच गोष्टी बघते: मायटी ब्लोवाले किती, फाउलसाठी खास ठेवलेला कुणी आहे का, आणि माझे कितीजण आज जखमी आहेत. तिसरी तुमच्या हातात नाही. पण ती बघता येते! माझं पान उघडा, कुणी सामना हुकलेला नाही, तिजोरीत एक-दोन लाइनमनचे पैसे आहेत असं दिसलं की तेव्हा ऑफर टाका. बारा-तेरा धडधाकट एल्फ आणि खिशात १४०-१५० हजार असतील तर मी ड्वार्फांना हो म्हणते. अकरा असतील तर माझ्या सख्ख्या भावाला नाही म्हणेन.

ऑर्क, ह्यूमन, अनडेड, लिझर्डमेन यांच्याकडे आधी जा. त्यांच्याशी तुमचे सामने चुरशीचे होतात आणि तेही तुम्हाला टाळत नाहीत. लिझर्डमेनचे सॉरस ताकदीला ४ आहेत पण ब्लॉक शिकायला वेळ लागतो, तुमच्या गार्डच्या भिंतीसमोर ते अडखळतात आणि त्यांचे स्किंक मागून चेंडू पळवतात. बघायला मजा येते.

ऑफरसोबत दोन शब्द लिहा. 'रोलर बाकावर ठेवतो' एवढं लिहिलंत तर माझा नकार विचारात पडेल. तो खेळत नसला तरी त्याचे १७० हजार तुमच्या व्हॅल्यूत मोजले जातात, म्हणजे तुम्ही तेवढी सूट देताय असंच समोरचा धरेल.


पेटीतला_ओगर

हे बघा, आता सामन्याआधी कुणी खेळायचं आणि कुणी बाकावर बसायचं याच्या वाटाघाटी. म्हणून मला पेटी आवडते.


लोखंडी_दाढी

ओगरभाऊ, पेटीतही शिरून बघतो, त्यासाठी वेगळी टीम काढतो. बहुधा नेक्रोमँटिक.

फांदीवरची, रोलर विकत नाही, पण एल्फांना ऑफर टाकताना बाकावर बसवतो. मायटी ब्लोचा चौथा घ्यायचा विचार होता, त्याऐवजी स्टँड फर्म (ढकललं तरी जागा न सोडण्याचं कौशल्य) घेईन.

तीस_हजारांचा, शनिवारी रात्री नऊनंतर रिकामा आहे. रोलर नक्की आणतो. पण त्या खानसाम्याने माझे तिन्ही रीरोल दोन्ही हाफमध्ये नेले तर गप्पांच्या चौकटीत मी काय लिहीन याची आता हमी देत नाही.


तीस_हजारांचा_लाइनमन

शनिवार पक्का. साडेनऊ करू, नऊला एका स्केव्हनवाल्याने हो म्हटलंय आणि तो झटपट खेळतो. उशीर झालाच तर यादीत थांबा, दुसऱ्या कुणाला ऑफर टाकू नका. म्हणजे टाकली तरी चालेल, नकारच येईल.